चौथा मुद्दा

"बाक कितव्यावर ठेवलाय?" बायकोने विचारलं, आणि चिटणिसांनी टोस्ट चहात बुडवता बुडवता बेसावधपणे सांगून टाकलं, "चौथ्यावर." हातातला कप तिने आवाज न करता बशीत ठेवला, खुंटीवरच्या किल्ल्या घेतल्या आणि "येते" म्हणून ती आपल्या पेट्रोल पंपावर निघाली. तिच्या मागोमाग तिचे वडीलही काठी टेकत, चपला फटफटवत गेले. ते रोजच जात. पण एरवी बायकोच्या "येते"ला भलंमोठं शेपूट असे. गॅस बघा, नळ बघा, बाबांचा चष्मा हरवला म्हणतील तर तो त्यांच्या डोक्यावरच आहे हे लक्षात ठेवा. आज शेपूट नव्हतं. तिचं बोलणं चिटणिसांना आजवर कधी लागलं नव्हतं, कारण ते अखंड असे. हे न बोलणं मात्र लागलं. ते दाराकडे बघत राहिले आणि इकडे टोस्ट विरघळून कपाच्या तळाशी जाऊन बसला.

चिटणीस म्हणजे पेट्रोल पंपवाल्यांच्या संघटनेचे चिटणीस. पंप आणि पंपाच्या आवारातली छोटी दुकानं, जिथे बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, टॉर्चचे सेल आणि वाटेत ऐनवेळी आठवलेलं सगळं काही मिळतं, त्या साऱ्यांची मिळून ही संघटना. तिचं कार्यालय बॅटऱ्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. उमेदीची सगळी वर्षं त्या माडीवर गेल्यामुळे त्यांना आता सगळेच चिटणीस म्हणत, शेजारी, न्हावी, आणि रागात असली तर बायकोसुद्धा. काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. सरकारने नियम करायचा आणि चिटणिसांनी हरकत घ्यायची. मसुदा निघाला की ते चष्मा पुसून बसत, आणि मसुद्याच्या पहिल्याच ओळीवर त्यांचं डोकं आपोआप नकारार्थी हलू लागे. पण हरकत घेणं म्हणजे नुसतं नाही म्हणणं नव्हे. ते दोन वर्षांच्या मुलालाही येतं, किंबहुना त्यालाच सगळ्यात चांगलं येतं. हरकतीची कला त्यांना शिकवली ती आधीच्या, थोरल्या चिटणिसांनी. ते म्हणत, समोर बसलेल्या अधिकाऱ्यालाही घर असतं रे. तो संध्याकाळी घरी जातो, तेव्हा आज काय मिळवलं हे सांगायला त्याच्याकडे काहीतरी पाहिजे. रिकाम्या हाताने कुणाला उठवू नये. म्हणून प्रत्येक निवेदनात एक मुद्दा असा घालायचा, की जो आपल्याला नकोच आहे. पाणी सोडण्यासाठीच घातलेला, म्हणून त्याचं कार्यालयातलं नाव पाणसोड्या. तो पहिला ठेवायचा नाही, मूर्खपणा दिसतो. शेवटचा ठेवायचा नाही, संशय येतो. चौथा ठेवायचा. आणि सुनावणीत सगळ्यात जास्त गळा काढायचा तो त्याच्यासाठीच.

या कलेत चिटणीस गुरूच्याही पुढे गेले. पंपाच्या छताखाली पिवळे दिवे हवेत की पांढरे, यावर ते एकदा असे काही बोलले होते, की ऐकणाऱ्याला वाटावं पांढऱ्या दिव्याने माणसं दगावतात. चाकात हवा भरायच्या नळीच्या लांबीसाठी त्यांनी टेबलावर मूठ आपटली होती. फलकावरच्या अक्षरांच्या उंचीसाठी तर त्यांचा आवाज इतका दाटून आला, की शिपायाने न सांगता पाणी आणून दिलं. मग हळूहळू माघार घ्यायची, उसासा टाकायचा, "ठीक आहे, तुमचा शब्द" म्हणायचं, आणि खरी गोष्ट गुपचूप खिशात घालून जिना उतरायचा. चिटणिसांना या कामाचा कंटाळा कधी आला नाही. माणसाला ज्यात गती आहे तेच काम मिळावं आणि त्यातच त्याचे केस पिकावेत, याहून वेगळं भाग्य ते काय, असं त्यांना मनापासून वाटे.

या खेपेच्या मसुद्यात जमिनीखालच्या टाक्यांची तपासणी दर वर्षी करा असं होतं. तपासणी म्हटली की टाक्या रिकाम्या करायच्या आणि पंप बंद ठेवायचा. ती तीन वर्षांतून एकदा असावी हा संघटनेचा पहिला आणि जिवाचा मुद्दा. दुसरा दुकानाला मागचं दार असण्याचा, तिसरा दुकानात लायटरचा गॅस किती ठेवावा याचा. आणि पंपाच्या आवारात बसण्याची कोणतीही सोय असू नये, असं एक कलम कुठेतरी कोपऱ्यात होतं. कार्यकारिणीत ते वाचलं गेलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "बाकडं? जाऊ दे की! चिटणीस, मिळाला तुमचा पाणसोड्या." अध्यक्षांचे सात पंप होते आणि त्यातल्या एकावरही ते कधी बसले नव्हते. सगळे हसले. चिटणीसही हसले, आणि त्यांनी तो मुद्दा आपल्या हाताने चौथ्या जागी लिहिला. त्या वेळी त्यांना बायकोच्या पंपावरचा बाक आठवलासुद्धा नव्हता. कागदावरच्या बाकाला पाय नव्हते, पाठ नव्हती, आणि त्यावर कुणी बसलेलंही नव्हतं.

सुनावणीची कचेरी पायी जाण्याच्या अंतरावर होती. चिटणीस चालत निघाले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटेतल्या पंपांवर लोक कशावर बसतात ते बघू लागले. एका पंपावर बाटल्यांचा पालथा खोका होता आणि त्यावर एक बाई मांडीवरच्या मुलाला चमच्याने काहीतरी भरवत होती, तिचा नवरा गाडीच्या काचा पुसत होता. दुसऱ्यावर एक पाय तारेने बांधलेली खुर्ची होती. तिच्यात टँकरचा चालक मान मागे टाकून तोंड उघडं ठेवून झोपला होता. टँकर आला की आतलं तेल स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबलेला माणूस बसणारच. तिसऱ्या पंपावर काहीच नव्हतं, म्हणून एक म्हातारा पायरीवर बसला होता. या सगळ्या पंपांवर चिटणीस वर्षानुवर्षं जात होते, मालकांशी बोलत होते, छताची उंची आणि खांबांमधलं अंतर त्यांना तोंडपाठ होतं. बसलेली माणसं तेवढी त्यांना दिसली नव्हती. पेट्रोलचा वास नाकात आला आणि त्यांना उगीचच बरं वाटलं. तो वास त्यांना घरचा वाटे, कारण बायकोच्या पदराला तो लग्नाआधीपासून होता.

बायकोच्या पंपावरचा बाक लाकडी होता, हिरवा. दुकानाच्या काचेला पाठ आणि गाड्यांकडे तोंड. पंप सासऱ्यांनी उभा केला आणि गुडघे बोलू लागले तेव्हा तो लेकीच्या हाती दिला. दिला म्हणजे तोंडाने दिला. पुढचे काही आठवडे ते गल्ल्याशेजारी उभे राहून म्हणत, "बिस्किटं वर कशाला ठेवलीस? बिस्किटं खाली पाहिजेत, पोरांच्या डोळ्यांसमोर." लेक म्हणे, "खाली ठेवली की पोरं पुडे फोडतात, बाबा." ते म्हणत, "फोडला की घ्यावाच लागतो." ती बिस्किटं वर ठेवी, ते खाली आणून ठेवत, ती पुन्हा वर. गिऱ्हाईक बिचारं पाण्याची बाटली हातात धरून टेनिसचा सामना बघावा तसं दोघांकडे बघे. घरी आलं की तेच, बिस्किटांच्या जागी मिठाची बरणी. चिटणीस त्या दिवसांत ताटावरून लवकर उठत. मग एका सकाळी सासरे आपणहून बाहेर गेले, बाकावर बसले आणि आत न बघता म्हणाले, "आता मला काही दिसत नाही. म्हणून मी काही बोलत नाही." तेव्हापासून बाप-लेकीत जो तह झाला तो आजतागायत टिकला होता. ती आत, हे बाहेर. मध्ये काच आणि बाकाची पाठ. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत, गाड्यांना नावं ठेवत, संध्याकाळी समाधानाने घरी येत आणि मिठाच्या बरणीकडे ढुंकूनही बघत नसत. मधे तापामुळे ते चार दिवस घरी राहिले, तर तेवढ्यात त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले आणि बायको बाथरूमचं दार लावून रडली. बाक गेला तर काय होईल हे चिटणिसांना सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. फक्त त्यांनी तो चौथ्यावर ठेवला होता.

सासऱ्यांना ही पाणसोड्याची विद्या कुणी शिकवली असेल, असा विचार चिटणिसांच्या मनात आला आणि भर रस्त्यात त्यांना हसू फुटलं. तरुणपणी संघटनेचे कारकून असताना चिटणीस त्या पंपावर परिपत्रकं द्यायला जात, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळा जात, आणि त्याच बाकावर बसून पोरीने आणून दिलेलं पाणी सावकाश पीत. शेवटी धीर करून मागणी घातली, तेव्हा सासऱ्यांनी तीन अटी घातल्या. मुलाने घरजावई व्हावं, मिशी काढावी, आणि लग्नानंतर मुलीने रोज पंपावर यावं. चिटणीस तेव्हा नुकतेच कलेत तयार झाले होते. मिशीसाठी ते असे काही भांडले की बघत राहावं. मिशी म्हणजे पुरुषाची अब्रू, वगैरे. मग हताश होऊन मिशीवर पाणी सोडलं, घरजावई होण्यातून सुटले, आणि तिसरी अट त्या आनंदात मोजलीसुद्धा नाही. आपण म्हाताऱ्याला गुंडाळलं, या खुशीत त्यांनी पहिली कित्येक वर्षं काढली. एकदा बाकावर शेजारी बसलेले असताना सासरे सहज म्हणाले, "मिशी काय हो जावईबापू, काढली तरी उगवते. मुलगी एकदा गेली की गेली. मला ती तिसरीच अट हवी होती." चिटणिसांनी पुन्हा मिशी ठेवली नाही. हरल्याची एवढी मजा त्यांना दुसऱ्या कशात आली नव्हती.

कचेरीच्या पायऱ्या चढताना मात्र हसू ओसरलं. कारण पेच आता नीट ध्यानात आला होता. लेखी निवेदन कधीच गेलं होतं, क्रम बदलता येत नव्हता. उरला होता फक्त आवाज. बाकासाठी जीव तोडून बोलावं, तर सुनावणी घेणाऱ्या बाई तो लगेच घेऊन टाकतील, कारण चिटणीस ज्यासाठी जीव तोडतात ते सुटतं हा रिवाजच होता. आणि बोलू नये, तर दुसरा पाणसोड्या कुठे होता? रिकाम्या हाताने उठायची वेळ आली तर बाई टाक्यांनाच हात घालतील. मग अध्यक्ष, कार्यकारिणी आणि ज्यांना दर वर्षी पंप बंद ठेवावा लागेल ते सगळे सभासद त्यांना विचारतील, की चिटणीस, हे काय केलंत? लांडगा आला रे आला म्हणून इतकी वर्षं ओरडलो आणि आज खरोखरच आला, असं त्यांना वाटलं. मन लावून मागायची वेळ आली, तर मन लावून मागण्याचं नाटक आधीच वापरून झालेलं.

सुरक्षा खात्याच्या उपसंचालक बाई लांब टेबलाच्या पलीकडे नेहमीच्या जागी होत्या. त्या नव्या नोकरीत होत्या तेव्हापासून चिटणीस त्यांच्यासमोर बसत आले होते. दोघांचे चष्मे साधारण एकाच सुमाराला जाड झाले. बाईंची एक लकब होती. एखादा मुद्दा त्यांनी घेतला, की पेनाला टोपण लावून टक असा आवाज करायच्या. चिटणीस त्या आवाजाची वाट बघत. पहिल्या मुद्द्यावर ते नेहमीसारखे हळू, आकडे सांगत बोलले. बाई म्हणाल्या, "तीन जास्त होतात. दोन वर्षं करू." शेजारी बसलेल्या अध्यक्षांनी टेबलाखाली चिटणिसांच्या पायावर आनंदाने पाय दिला. दुसरा, तिसरा भराभर झाले. "आणि चौथा," बाई म्हणाल्या, खुर्चीत जरा मागे रेलल्या, बोटं गुंफून हात पोटावर ठेवले. आवडतं गाणं आता सुरू होणार म्हणून माणूस बसतो तसं.

चिटणिसांनी तोंड उघडलं. नेहमी हुकमी दाटून येणारा गळा आज हुकूम न देताच दाटला होता. अध्यक्षांनी पुन्हा पाय दिला, या वेळी अर्थ निराळा होता. मग चिटणीस आपल्या रोजच्या, घरातल्या आवाजात म्हणाले, "बाई, त्या बाकावर माझे सासरे बसतात."

"कोण?"

"सासरे. हिचे वडील. हिचा पंप आहे ना, तिथल्या बाकावर."

"बसून काय करतात?"

"काही नाही. काही करायचं नाही म्हणूनच बसतात. आत असले की दोघं भांडतात."

बाईंनी निवेदन उलटसुलट करून बघितलं. "हे यात कुठे आलेलं नाही."

"सरकारी निवेदनात सासरे कसे घालणार हो?" चिटणीस म्हणाले, आणि कोपऱ्यातला टंकलेखक फिसकन हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "चिटणीस, दर खेपेला तुमचा चौथा मुद्दा मी घरी घेऊन जाते. आमचे हे दार उघडतानाच विचारतात, आज काय दिलं चिटणिसांनी? दिव्यांचा रंग नेला, हवेची नळी नेली. अक्षरांची उंची नेली तेव्हा तर ते हसून हसून ठसकले होते, पाठीवर थापट्या माराव्या लागल्या." चिटणिसांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. म्हणजे बाईंना माहीत होतं. सगळं, पहिल्यापासून. माहीत असून त्या दर वेळी गाणं शेवटपर्यंत ऐकून घेत होत्या. लाज वाटली, आणि लाजेच्या खालोखाल फार बरं वाटलं. इतकी वर्षं आपण एकट्याने नाटक करतोय असं त्यांना वाटत होतं, आणि समोर जोडीदार बसलेला होता.

"आता बाक तुम्हीच ठेवून घेतला, तर मी आज काय नेऊ?" बाईंनी विचारलं, आणि त्याच उत्तर शोधू लागल्या. बाक यंत्रांपासून लांब, आवाराच्या कडेला. जमिनीत पक्का बसवलेला, कुणी ओढत पुढे नेऊ नये म्हणून. "आणि तोंड दुकानाकडे. गाड्यांकडे पाठ. गाड्यांकडे तोंड करून बसलेला माणूस पाय रस्त्यात पसरतो, आणि रंगात आला की खिशातून सिगारेट काढतो. सासऱ्यांबद्दल म्हणत नाही मी. चालेल?"

"चालेल," चिटणीस इतक्या घाईने म्हणाले की बाईंना संशय आला असावा. पण टोपण बसलं. टक.

जिन्यात अध्यक्षांनी पाठ थोपटली. सासऱ्यांची युक्ती झकास होती म्हणाले, पुढच्या वेळी सासूबाई काढा. चिटणीस हो हो म्हणाले आणि निम्म्या जिन्यात जागीच थांबले. तोंड दुकानाकडे! इतकी वर्षं टिकलेला तह ज्या एका गोष्टीवर उभा होता, तीच ते देऊन आले होते. आता म्हातारा दिवसभर काचेतून आत बघणार. बिस्किटं वर आहेत हे त्याला दिसणार.

दुपारी ते पंपावर गेले. बायको दुकानात सेलची पाकिटं खिळ्याला अडकवत होती. बाहेर बाकावर सासऱ्यांची पाठ होती, सदऱ्याची विटलेली कॉलर, तुळतुळीत टाळू. "राहिला बाक," चिटणीस म्हणाले. बायकोने हातातलं पाकीट खिळ्याला अडकवलं. "आणि सोडलंत काय?" ती म्हणाली. बायको कोणाची होती!

"तोंड."

"कुणाचं?"

"बाबांचं." आणि त्यांनी सगळं सांगितलं, टोपणासकट. बायको काचेतून वडिलांच्या टाळूकडे बघत राहिली. ती टाळू तिला इतकी पाठ झाली होती, की न बघताही तिने तिथले डाग दाखवले असते. आता आभाळ कोसळणार, असं चिटणिसांना वाटलं. ती म्हणाली, "म्हणजे रोज नीट केस विंचरून यायला हवं." आणि लगेच, "पण चौथ्यावर ठेवलातच कसा?"

"बाक आहे हे डोक्यात होतं. आपला आहे हे नव्हतं," ते म्हणाले. ते खरं होतं, आणि खरं म्हणूनच तिने ते सोडून दिलं.

नियम लागू झाला. मिस्त्री आला, आणि बाक जरा कडेला सरकवून, दुकानाकडे फिरवून चार बोल्टांनी जखडून गेला. सासऱ्यांनी मिस्त्रीला, सरकारला आणि जावयाच्या संघटनेला यथेच्छ नावं ठेवली. उभा जन्म गाड्यांकडे तोंड करून बसलो, आता भिंतीकडे तोंड करून बसवा, शाळेत बसवायचे तसे. त्या सकाळी चिटणीस कार्यालयात गेलेच नाहीत. सासऱ्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसले आणि पहिला तोफगोळा कधी सुटतो याची वाट बघू लागले. सासरे काठीवर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी ठेवून काचेतून आत बघत होते. आत बायको एका लहान मुलीला शिट्टी वाजवून दाखवत होती, तिची आई हसत होती. मग टँकरचा चालक आला, त्याला तिने काहीतरी सुनावलं आणि तोही हसला. मागे गाड्या येत होत्या, जात होत्या. एकदाही सासऱ्यांनी मान वळवली नाही.

"ही एवढं हसते दुकानात?" ते म्हणाले.

"हसते की."

"मला पाठमोऱ्याला नुसता आवाज यायचा. वाटायचं, भांडतेय कुणाशीतरी." ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं. आणि काठीचं टोक हळूच उचलून त्यांनी काचेच्या दिशेने धरलं.

"बिस्किटं वर आहेत."

"हो बाबा."

"तिथेच बरी आहेत."

उचललेली काठी आतून दिसली असणार. बायकोने काचेपलीकडून भुवया उडवून विचारलं, काय म्हणतायत? चिटणिसांचा गळा दाटला होता आणि आता त्याचा काही उपयोग करायचा नव्हता. त्यांनी हातानेच तिला खूण केली, काही हरकत नाही.